पावसात गाड्यावर खावं का? वाचकांच्या पत्रांना उत्तरं

‘पावसाळा आणि पोट’ या विषयावर पत्रं मागवली आणि टेबलावर ढीग झाला. बहुतेक पत्रं गाड्यावरच्या खाण्याबद्दलच आहेत. कोल्हापुरात पाऊस लागला की मिसळ, वडा, भजी हे बोलणं निघणारच. सारख्या प्रश्नांची एकेक प्रातिनिधिक पत्रं निवडून उत्तरं देते आहे.

लग्नानंतर मी पुण्यात असते. श्रावणात मुलांना घेऊन शिवाजी पेठेत माहेरी येणार आहे. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. त्यांना मिसळ, खासबागची भेळ, रंकाळ्यावरची पाणीपुरी, सगळं खायचंय. सासूबाई म्हणतात, पावसात बाहेरचं काहीही नको. आई म्हणते, आम्ही जन्मभर खाल्लं, काय झालं? मी कुणाचं ऐकू? — एक माहेरवाशीण

आईचं ऐका, पण डोळे उघडे ठेवून. मुलांनी आजोळी येऊन मिसळ न खाता परत जावं, असं मला मुळीच वाटत नाही. पण मिसळ, भेळ आणि पाणीपुरी या तिन्हींना ‘बाहेरचं’ म्हणून एकाच माळेला लावू नका. पोटाच्या दृष्टीनं त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

मिसळीपासून सुरुवात करू. पातेल्यात कट रटरट उकळत असेल, खालची उसळ वाफाळत असेल, तर त्यात जिवंत जंतू फारसे उरत नाहीत. फरसाण कोरडं असतं आणि कोरड्या पदार्थात जंतू वाढत नाहीत. ब्रेड पाकिटातून निघतो. जपायचं ते वरून पडणाऱ्या कांदा-कोथिंबिरीला आणि ताटलीला. पहाटे चिरून ठेवलेला, पाणी सुटलेला कांदा असेल तर ‘कांदा नको’ म्हणा, लिंबू मागून घ्या. मुलीला कट झेपणार नाही, तिला उसळ आणि ब्रेड द्या. तिखटानं जंतू मरतात असं आपल्याकडे बरेच जण ठामपणे सांगतात. ते खरं नाही. जंतू उष्णतेनं मरतात.

भेळ सुकी घ्या. कुरमुरे, शेंगदाणे, फरसाण, सगळं कोरडं. चिंचेची चटणी शिजवलेली आणि आंबट असते, ती त्यातल्या त्यात बरी. हिरव्या चटणीत कच्ची कोथिंबीर, कच्ची मिरची आणि न उकळलेलं पाणी असतं. पावसाळ्यापुरती ती मुलांना देऊ नका.

पाणीपुरीला मात्र माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे, निदान पाच वर्षांच्या मुलीला तरी. पुरी निर्दोष असते. बटाटा सोलून, हातानं कुस्करून तासन्तास उघडा राहिलेला असतो, आणि पाणी तर कच्चंच. चिंच-लिंबाच्या आंबटपणानं जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. त्यात बर्फ पडला की आणखी एक अनोळखी पाणी आलं. महाराष्ट्रात खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगवायचा नियम २०१८ पासून आहे, तरी ग्लासात विरघळलेला बर्फ कुठून आला हे तुम्हाला कसं कळणार? रंकाळ्यावर जाल तेव्हा मुलीला निखाऱ्यावरचं कणीस द्या, उकडलेल्या गरम शेंगा द्या. पाणीपुरीच्या पुऱ्या विकत आणून घरी उकळून गार केलेल्या पाण्यात पुदिन्याचं पाणी करा. आजी हौसेनं करून देईल.

आता गाडा कसा बघायचा ते सांगते, कारण खरी गोष्ट तीच आहे. ऑर्डर द्यायच्या आधी दोन मिनिटं नुसतं उभं राहा. ताटल्या कुठं धुतल्या जातात? एकाच बादलीत बुचकळून काढत असतील तर दिवसभराचं उष्टं त्या बादलीत आहे. पैसे घेणारा हात आणि वाढणारा हात एकच आहे का? आणि फडकं बघा. उन्हाळ्यात फडकं वाळतं, पावसात दिवसभर ओलंच राहतं. त्याच फडक्यानं गाडा पुसायचा, त्यानंच ताटली, त्यानंच हात. पावसाळ्यात गाड्यावरची सगळ्यात घातक वस्तू कोणती असं मला कुणी विचारलं, तर मी फडक्याकडे बोट दाखवीन. फडकं स्वच्छ ठेवणारा माणूस बाकीचंही स्वच्छ ठेवतो, हा माझा अनुभव आहे.

वडा-भजी खाताना ताज्या घाण्याची वाट बघा. कढईतलं तेल १७० ते १८० अंशांच्या आसपास असतं, त्यातून नुकता निघालेला वडा निर्धास्त खा. परातीत दुपारपासून पडलेला आणि पुन्हा तेलात बुडवून काढलेला वडा नको. साधारण ५ ते ६० अंशांच्या मधे अन्न पडून राहिलं की जंतू वाढतात, अनुकूल परिस्थितीत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. त्यातले काही असं विष सोडतात की नंतर पुन्हा तळूनही ते जात नाही. चायनीजच्या गाड्यावरच्या भाताचं तेच. सकाळी शिजवलेला भात संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला, तर त्यात उरलेले बीजाणू, म्हणजे शिजवूनही न मरणारी जंतूंची बीजं, वाढून विष तयार करतात. मग मोठ्या आचेवर कितीही परतला तरी रात्री उलट्या व्हायच्या त्या होतात.

आणखी एक, हे फक्त कोल्हापुरासाठी. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी आपण पावसात रोज बघतोच. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहर टँकरवर आलं, ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्या घरचा नियम असा की पाणी इशारा पातळीला गेलं की बाहेरचं कच्चं सगळं बंद, आणि पूर ओसरल्यावरही काही आठवडे बंद. लोक पुरात जपतात आणि पाणी उतरल्यावर सैल पडतात. नळ बंद असताना जलवाहिन्या रिकाम्या होतात, जिथं गळती आहे तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, आणि नळ सुरू झाला की तेच आधी येतं. तुमचं येणं अशाच दिवसांत पडलं तर उकळता कट आणि गरम भजी एवढ्यावर भागवा, मुलांचं फार काही बुडणार नाही.

माझा मुलगा कोल्हापुरात इंजिनिअरिंगला आहे, वसतिगृहात राहतो. रविवारी मित्रांबरोबर पाणीपुरी खाल्ली, सोमवारी ताप चढला, पुढं टायफॉइड निघाला. त्याचे मित्र पाणीपुरीवाल्याशी भांडून आले. तक्रार करावी का? — एक वडील, गडहिंग्लज

करू नका. त्या माणसानं तुमच्या मुलाला टायफॉइड दिलेला नाही, निदान त्या रविवारी तरी नाही.

टायफॉइडचा जंतू पोटात गेल्यापासून ताप यायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. रविवारी खाल्लं आणि सोमवारी ताप, हे होऊ शकत नाही. ही चूक फार घरांत होते. आजारी पडलो की आपण शेवटचं बाहेरचं खाणं आठवतो आणि त्याच्यावर खापर फोडतो, खरा दोषी मोकळा राहतो आणि आणखी चारजणांना पाडतो. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या झाल्या तर त्याच दिवशीच्या पदार्थावर संशय घ्यावा, ते बहुधा आधीच तयार झालेलं विष असतं. कॉलरा काही तासांपासून पाच दिवसांत कधीही दिसतो. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ प्रकारची कावीळ तर १५ ते ५० दिवस घेते. म्हणजे ऑगस्टच्या पुरात प्यायलेलं पाणी गौरी-गणपतीत किंवा घटस्थापनेच्या सुमाराला डोळ्यांत पिवळं दिसतं. तेव्हा पूर कुणाच्या लक्षातही नसतो आणि आदल्या दिवशीच्या जेवणावर आळ येतो.

तेव्हा मागच्या दोन-तीन आठवड्यांकडे बघा. वसतिगृहाची टाकी कधी धुतली? पिण्याच्या पाण्याचा कूलर? मेसमधे वाढणाऱ्यांपैकी कुणी आजारी होतं का? त्याच मजल्यावर आणखी मुलांना ताप आला असेल तर तक्रारीचा रोख तिकडे हवा. वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या, टाकीच्या पाण्याची तपासणी मागा.

मुलाबद्दल दोन शब्द. निदान फक्त विडाल या रक्तचाचणीवर झालं असेल तर डॉक्टरांशी पुन्हा बोला. तापाच्या पहिल्या आठवड्यात रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, जास्त भरवशाचं. ताप उतरला म्हणून प्रतिजैविकं मधेच सोडू देऊ नका, टायफॉइड उलटतो. बरा झाल्यावर टायफॉइडच्या लशीबद्दल त्यांना विचारा. आणि त्या पोरांनी पाणीपुरीवाल्याकडे जाऊन ‘आमचं चुकलं’ म्हणावं, असं मला मनापासून वाटतं. भर रस्त्यात बोल लावला की गरीब माणसाचा धंदा बसतो.

सहावा महिना संपत आलाय. पाणीपुरीचे डोहाळे आहेत. एखादी प्लेट चालेल का? — एक वाचक, इचलकरंजी

बाहेरची नको. दूषित पाण्यातून ‘ई’ प्रकारची कावीळ होते. इतरांना ती बहुधा आपोआप बरी होते, पण गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती जिवावर बेतू शकते. ही मी भीती घालत नाही, गरोदर बाईच्या बाबतीत हा धोका खरोखर मोठा आहे. डोहाळे पुरवायचे तर घरी, उकळलेल्या पाण्याची, ताज्या बटाट्याची. जावेला नाहीतर आईला सांगा आणि पोटभर खा.

वय ७४. लहानपणापासून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पीत आलो, तब्येत ठणठणीत आहे. आता नातवाला नेतो, तर सून अडवते. पावसात तर अजिबात नको म्हणते. तिला समजावून सांगा. — एक आजोबा, शुक्रवार पेठ

आजोबा, तुमच्या तब्येतीला माझा नमस्कार. पण सुनेला समजावणं मला जमणार नाही, कारण तिचं बरोबर आहे.

कट्ट्याचा मलाही अभिमान आहे. डोळ्यासमोर म्हैस पिळून ग्लासात फेसाळ दूध द्यायचं, पाण्याच्या थेंबाची भेसळ नाही. तालमीतल्या पोरांना या दुधानं बळ दिलं, ते कुणी नाकारणार नाही. पण भेसळ नसणं आणि जंतू नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दिसायला धडधाकट म्हशीच्या दुधातून ब्रुसेलोसिस नावाचा आजार माणसाला होतो. ताप येतो-जातो, सांधे धरतात, घाम सुटतो, आणि कित्येक आठवडे निदानच होत नाही. जनावरांचा क्षयसुद्धा कच्च्या दुधातून येऊ शकतो. पावसात यात शेणा-चिखलाची भर पडते. गोठा ओला, म्हैस चिखलात बसलेली, कास कितीही धुतली तरी चार शिंतोडे उडणारच. त्यात दूध काढणाऱ्याचा काही दोष नाही.

उकळल्यानं दुधातला कस जातो, ही तुमच्या पिढीची मुख्य शंका असते. प्रथिनं आणि कॅल्शियम उकळल्यावरही तिथंच असतात. काही जीवनसत्त्वं थोडी कमी होतात, एवढंच. डेअरीत दूध ७२ अंशांवर जेमतेम १५ सेकंद तापवतात, तेवढ्यानं हे जंतू मरतात. म्हणजे घरी एक उकळी पुष्कळ झाली. नातवाला कट्ट्यावर जरूर न्या, म्हैस दाखवा, धार काढताना बघू दे. दूध किटलीत घेऊन घरी या, उकळा, साय धरल्यावर दोघं मिळून प्या. तुम्हीसुद्धा उकळूनच. सत्तरीनंतर असा ताप लवकर आटोक्यात येत नाही.

बाई, रंकाळ्याकडंला माझा गाडा हाय. वडा आन् कांदाभजी. पावसात गिऱ्हाईक वाढतंय, पर लोक पाण्याकडं बघून नाक मुरडत्यात. पूर आला की टँकरवर भागवाय लागतंय. पोरगी कॉलेजला हाय, तिनं लिवून दिलंय. काय करू, सांगा. — एक गाडेवाला

दादा, या सगळ्या पत्रांत तुमचं पत्र मला सगळ्यात मोलाचं वाटलं. खाणाऱ्यानं कितीही काळजी घेतली तरी तुमच्या हातात जे आहे ते त्याच्या हातात नाही.

आधी पाणी. टँकरचं पाणी झाकणाच्या पिंपात भरा. गढूळ असेल तर तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या पिंपात काढा. पण तुरटीनं पाणी नुसतं निवळतं, जंतू तसेच राहतात. म्हणून निवळल्यावर औषधाच्या दुकानात मिळणारं क्लोरीनचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या मापानं घाला आणि अर्धा तास थांबा. हा क्रम उलटा करू नका. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतं. मग पिंपाला तोटी बसवा. तांब्या बुडवून पाणी घेतलं की बुडवणाऱ्या प्रत्येकाचा हात त्या पाण्यात जातो, आणि केलेली सगळी मेहनत वाया.

ताटल्या धुवायला पाणी कमी पडत असेल तर पुराच्या दिवसांत पत्रावळी-द्रोण वापरा. छापील वर्तमानपत्रात भजी देऊ नका. गरम तेलाबरोबर शाई भज्याला लागते, आणि अन्नसुरक्षा नियमांनुसार त्याला मनाई आहे. फडक्यांची चळतच ठेवा. ओलं झालं की बाजूला टाका, रात्री सगळी उकळून चुलीच्या धगीवर वाळवा. पैसे पोरीला किंवा वहिनींना घेऊ द्या. एकटे असाल तर मोबाईलवर पैसे घ्यायची पाटी पुढं लावा, नोटांना हात कमी लागेल.

तेल. कालच्या काळ्या तेलात आज नवीन ओतून पुढं चालवायचं, असं बरेच जण करतात. तेल फेसाळायला लागलं, चिकट झालं, लवकर धूर सोडायला लागलं की ते संपलं. तळून तळून तेलात जे घटक तयार होतात ते २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले तर ते तेल वापरायचं नाही, असा नियम आहे. तुमच्याकडे मोजायचं यंत्र नाही, पण इतकी वर्षं कढईपुढं उभे असलेल्या माणसाला नजरेनं कळतं. कढई लहान घ्या म्हणजे तेल रोज संपेल. बटाट्याचं सारण दुपारी एकदम करू नका, दोनदा करा. चटणीसाठी लसणीची कोरडी चटणी सगळ्यात चांगली. वड्याबरोबर तीच ठेवा, लोक आवडीनं खातात.

आता सगळ्यात अवघड. तुम्हाला स्वतःला जुलाब होत असतील, तर गाडा लावू नका. जुलाब थांबल्यावर आणखी दोन दिवस जाऊ द्या. हातावर पोट असलेल्या माणसाला हे सांगताना मला जड जातं, पण तुमच्या हातून एका संध्याकाळी किती घरांत आजार जाईल याचा विचार करा. अन्न परवान्याची नोंदणी केली नसेल तर करून घ्या. लहान विक्रेत्यांसाठी ती सोपी आणि स्वस्त आहे, पोरगी ऑनलाइन अर्ज भरेल. तो १४ अंकी क्रमांक गाड्यावर ठळक लावा. नाक मुरडणारे आधी तुमचं पिंप बघतील, मग तोटी, मग क्रमांक, आणि मग घाण्याची वाट बघत रांगेत थांबतील.

जुलाब झाले की आमच्याकडे कुणी ग्लुकोज पावडर देतं, कुणी शीतपेय, सासूबाई मीठ-साखरेचं पाणी. बरोबर काय? — एक सून, उचगाव

सासूबाई बरोबर आहेत, फक्त माप नीट हवं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. नुसती साखर किंवा ग्लुकोज जास्त झालं तर जुलाब वाढतात, शीतपेयात तेच होतं. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला घातक ठरू शकतं. घरात ओआरएसची पाकिटं असली तर त्याहून चांगलं. नावात ओआरएससारखं काही असलेली गोड पेयं निराळी, पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं बघून घ्या. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या.

१९७१ मधे बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलराची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मिसळलेलं पाणी नातेवाइकांच्या हाती देऊन रुग्णांना पाजायला लावलं आणि मरणारी माणसं वाचली. त्याच जातीचं पाणी तुमच्या सासूबाई करतात.

मुलाला घोटाघोटानं पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. डॉक्टर लहान मुलांना झिंक देतील, ते जुलाब थांबल्यावरही पूर्ण चौदा दिवस द्या. जुलाब एकदम बंद करणाऱ्या गोळ्या मुलांना मनानं देऊ नका. शौचातून रक्त पडलं, मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही किंवा काहीच पोटात ठरेना, तर सकाळची वाट न बघता सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात न्या.

भाजलेल्या कणसाला लिंबू-तिखट चोळलेलं चालतं का? — एक विद्यार्थी, राजारामपुरी

कणीस चालतं. ती लिंबाची फोड मात्र सकाळपासून त्याच मीठ-तिखटाच्या वाटीत बुडते आणि आलेल्या प्रत्येक कणसावर फिरते. नवीन लिंबू समोर कापायला सांगा, नाहीतर घरून एक खिशात घालून न्या.